आबाजींची मळई

रहाटणीकडची जुनी माणसं 'अंत्यविधी' असा शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, माती. "माती किती वाजता हाय?" "आत्ताच मातीला जाऊन आलो." "त्याच्या मातीला लई गर्दी व्हती." माणूस जाळला काय आणि पुरला काय, शेवटी त्याची मातीच होते, एवढा साधा हिशेब त्या शब्दात आहे. बोलणाऱ्याच्या तो ध्यानातही नसतो. आबाजींनी मात्र हा शब्द मनावर घेतला. शब्द मनावर घेणारी माणसं फारशी सुखी झाल्याचं ऐकिवात नाही, पण ते असो.

भावकीत, आळीत, ओळखीत कुठेही माती असली की आबाजी हजर असायचे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, टोपी, आणि चेहऱ्यावर कुणालाही आपलाच काका वाटेल असा भाव. तिरडी बांधण्यात त्यांचा हात नसे आणि खांदा द्यायचं त्यांचं वयही उलटून गेलं होतं. त्यांचं काम तिसऱ्या दिवशी सुरू व्हायचं. राख सावडून झाली, गाडगं बांधून झालं, पोरं नदीकडे वळली, की आबाजी आडवे यायचे.

"पाण्याला कशापायी देताय? म्हणायचं माती, आन टाकायचं पाण्यात, ही कुठली रीत? मातीला द्या की. खड्डा घ्या, राख टाका, वर झाड लावा. बाप जन्मभर सावली धरंल."

कुणी ऐकायचं, कुणी "बघू आबाजी" म्हणून बाजूने निघून जायचं. मागे चेष्टाही चालायची. विमा एजंट परवडला, तो निदान माणूस जिवंत असताना तरी येतो, असं एकाने म्हटलं आणि ते आबाजींच्या कानावरही आलं. ते हसले. गोड बोलून गळ्यात पडण्याची कला त्यांना खरंच साधली होती, आणि ती वाया घालवण्यापेक्षा अशी वापरलेली काय वाईट.

या वेडाला कारण होतं. त्यांच्या वडिलांची राख त्यांनी स्वतः पवनेत सोडली होती. नदीवर काठापासून काठापर्यंत जलपर्णी पसरलेली. फडक्यात बांधलेलं गाठोडं सोडलं ते बुडेना. जलपर्णीवर जाऊन बसलं. वरच्या अंगाला कुठेतरी लग्न झालेलं असावं, कारण शेजारीच उष्ट्या थर्माकोलच्या थाळ्या आणि कुजलेले हार अडकून पडले होते. चुलत्याने काठीने गाठोडं आत ढकलायचा प्रयत्न केला, तर ते सुटलं आणि राख त्या थाळ्यांवर सांडली. ज्या माणसाने आयुष्यात कधी ताटात भाताचं शीत टाकलं नाही, त्याची राख लोकांच्या खरकट्यात. आबाजी काठावर बसून लहान मुलासारखे रडले. पुढे कित्येक वर्षं पुढ्यात थर्माकोलची थाळी आली की ते पंगतीतून उठून जायचे.

आता मातीला द्या म्हणणं सोपं, पण माती आणायची कुठून? गावच्या जमिनी केव्हाच गेल्या. आबाजींच्या स्वतःच्या ज्वारीच्या रानावर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यातल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर ते बायको शालनबाई, मुलगा प्रीतम आणि सून मंजुषा यांच्यासोबत राहत होते. उरली होती फक्त नदीकाठची मळई. पुराच्या रेषेच्या आत येणारी, गाळाची जमीन. तिथे पक्कं बांधकाम करता येत नाही म्हणून बिल्डरांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आबाजींनी तीच खुली केली. ज्याला माती नाही त्याने यावं, खड्डा घ्यावा, आपलं माणूस ठेवावं, झाड लावावं. जातपात, गाव, ओळख काही विचारायचं नाही. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक पत्र्याची पाटी, आणि पाटीवर माणसाचं नाव, आबाजींनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं. अक्षर बेताचंच होतं.

बघता बघता मळईत जांभूळ झाली, करंज झाले, कवठ झालं. आणि कौशल्याबाईंचा लिंब झाला.

कौशल्याबाई केजकडच्या. नवरा रंगराव चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता, कंत्राटावर. काविळीचं निमित्त झालं आणि गेला. गावाला गुंठाभर जमीन नाही आणि इथे भाड्याच्या खोलीत पायाखाली फरशी. मुलगी दिव्या तेव्हा शाळेत होती. शेजाऱ्यांबरोबर नदीकडे निघालेल्या त्या बाईला आबाजींनी घाटाच्या पायऱ्यांवर गाठलं आणि आपलं नेहमीचं सुरू केलं. कौशल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग तिथं मला येऊ देताल का, भेटायला?"

"कवाबी या. मळई तुमचीच हाय," आबाजी म्हणाले.

तिने लिंब लावला, कारण गावाकडे रंगरावांच्या दारात लिंब होता. तेव्हापासून दरवर्षी वैशाखात, रंगराव गेल्याच्या तिथीला, ती कळशीभर पाणी आणि नैवेद्याची पुरणपोळी घेऊन यायची. पाणी घालायची, बुंध्याला पाठ लावून बसायची, वर्षभराचं काय ते सांगायची आणि जायची. दिव्याला नोकरी लागली ते तिने लिंबाला सांगितलं, तेव्हा आबाजी करंजाखाली बसून ऐकत होते. आपण जन्माला येऊन एक तरी काम सरळ केलं, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

मग आबाजींच्या हृदयाने त्यांना इंगा दाखवला. दवाखान्यातून घरी आल्यावर शालनबाईंनी धोशा लावला की जे काही आहे ते पोराच्या नावावर करून मोकळे व्हा, मागे भावकीची कोर्टबाजी नको. आबाजींनाही ते पटलं. मळईचं बक्षीसपत्र करायचं ठरलं. पण आबाजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी प्रीतमला देवघरापुढे बसवलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द त्या घरात आजवर कुणी मोडला नव्हता.

"म्हण, मळईतलं एकबी झाड तोडणार न्हाई."

"एकबी झाड तोडणार न्हाई," प्रीतम म्हणाला. तो पोरगा वाईट नव्हता. बापापुढे आवाज चढवून बोलायचा नाही. शब्द दिला म्हणजे पाळणारा.

आणि त्याने तो अक्षरशः पाळला. झाडांची फांदीही तोडली नाही. त्याने मळईला कुंपण घातलं, कमान उभी केली, हिरवळ पसरली आणि 'वनराई लॉन्स' सुरू केलं. पर्यावरणपूरक विवाहसोहळे. या नदीकाठाला लॉन्स काय थोडी आहेत? पण सगळीकडे तोच लखलखाट, तेच थर्माकोलचे राजवाडे, तेच डीजे. प्रीतमकडे खरीखुरी झाडं होती. बांबूचा मांडव, पळसाच्या पत्रावळी, प्यायला माठातलं पाणी, वाजंत्रीत सनई-चौघडा, तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्यांच्या अक्षता, पत्रिका मोबाइलवर. हिंजवडीतल्या शिकल्यासवरल्या पोरापोरींना असंच काहीतरी हवं असतं. पहिल्याच हंगामात तारखा भरल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात आबाजींचं नाव होतं, प्रेरणास्थान म्हणून.

थर्माकोलची एक थाळी नाही, नदीत एक हार जात नाही. आबाजी जे जन्मभर बोलत आले ते सगळं पोराने करून दाखवलं होतं. तक्रार करायची तरी कोणत्या तोंडाने? बेलभंडारा उचलायला लावताना एक वाक्य राहून गेलं होतं, माणसांना येऊ देशील, हे वाक्य. आबाजींना तेव्हा ते सुचलंच नाही. झाडं राहिली म्हणजे माणसं येणारच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्या लोकांची हीच खोड. देवापुढे शपथ घेतानाही अर्धी गोष्ट मनातच ठेवायची आणि समोरच्याला ती कळली असं समजायचं.

एके सकाळी ते मळईत गेले तर पत्र्याच्या पाट्या नव्हत्या. त्यांच्या जागी लाकडी, कोरीव, सुबक पाट्या. प्रत्येकीवर झाडाचं मराठी नाव आणि खाली शास्त्रीय नाव. जुन्या पाट्या भंगारवाला घेऊन गेला होता.

त्या दिवशी बापलेकांचं पहिल्यांदा वाजलं, तेही हळू आवाजात.

"आबा, तुमीच सांगा," प्रीतम म्हणाला. "खाली राख हाय म्हणून कळलं, तर त्या जागंवर कोण लगीन लावंल? एकाला कळलं की साऱ्यांना कळतंय. धंदा बसला की मला मळई दुसऱ्याला द्यावी लागंल. त्यो काय बेलभंडारा उचलणार हाय? पैल्या दिवशी जेसीबी घालंल."

आबाजींना कळत होतं, पोरगा खोटं बोलत नाही. आपण बोललो तर झाडं जाणार, आणि झाडं ठेवायची तर आपण बोलायचं नाही. अडकित्त्यात सुपारी धरावी तसं झालं होतं. ते रात्रंदिवस त्यावर विचार करत राहिले आणि त्यांना वाट सापडली नाही. सापडण्यासारखी नव्हतीच, खरं सांगायचं तर.

सुनेने एवढंच काम सांगितलं होतं की ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांना फोन करा, समजावून सांगा, आता येऊ नका म्हणावं. आबाजींनी दोघातिघांना फोन लावले, प्रकृतीची विचारपूस केली, पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या आणि ठेवून दिले. "केलेत का फोन, आबा?" मंजुषा विचारायची. "व्हय, करतोय," आबाजी म्हणायचे. कौशल्याबाईंचा नंबर काढून त्याच्याकडे बघत बसायचे आणि चष्मा पुसायचे.

वैशाखातली ती तिथी आली आणि त्याच दिवशी लग्नांचा दाट मुहूर्त होता. लग्न निगडी प्राधिकरणातल्या अर्जुनरावांच्या मुलीचं, विजयश्रीचं. अर्जुनराव कंपनीतून निवृत्त झालेले, सज्जन, मऊ बोलणारे गृहस्थ. आबाजींना फेटा बांधून कमानीपाशी खुर्चीवर बसवलं होतं. लग्नाच्या दिवशी मालकाचे वडील दारात असले की शोभा येते, असं प्रीतमचं म्हणणं. आबाजी येणाऱ्याला हात जोडत होते. अशा वेळी त्यांचा चेहरा शाळेत वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा दिसायचा, पण फेट्याखाली ते कुणाच्या लक्षात येत नसे.

कौशल्याबाई रिक्षातून उतरल्या. दिव्याची पहिली शिफ्ट, म्हणून एकट्याच. हातात कळशी, खांद्याला पिशवी. कमान बघून त्या थबकल्या. वाट चुकली असं वाटून मागे वळून बघितलं, मग परत कमानीकडे.

"मोबाइलवरची पत्रिका दाखवा, मावशी," सुरक्षारक्षक म्हणाला.

"पत्रिका कशाची? मी हितं दरसाल येते. मपलं माणूस हाय आत."

"कुणाकडचे तुम्ही? नवरीकडचे का नवऱ्याकडचे?"

मागे पाहुण्यांची रांग लागली होती. आबाजी खुर्चीतून उठले. फेटा बांधलेल्या त्या म्हाताऱ्याला कौशल्याबाईंनी आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आबाजी, बगा की हा काय म्हणतोय. आपला लिंब हितंच हाय ना?"

रांगेतली माणसं ऐकत होती. आबाजी रक्षकाकडे बघून म्हणाले, "सोड त्यांना. पाव्हण्या हायेत आपल्या."

आत गेल्यावर एका बाईने कौशल्याबाईंवर गुलाबपाणी शिंपडलं आणि त्यांच्या हातात कागदाच्या शंकूत पाकळ्या दिल्या. कळशी मंजुषाने हातातून अलगद काढून घेतली. तिने कौशल्याबाईंना ओळखलं होतं. "मावशी, आजच्या दिवस सांभाळून घ्या," ती कानाशी म्हणाली. आवाजात दमदाटी नव्हती, विनवणी होती.

बोहलं लिंबाखालीच होतं. मळईत सगळ्यात दाट सावली त्याचीच. बुंध्याभोवती झेंडूची रांगोळी, खोडाला गुंडाळलेल्या माळा, आणि पुढ्यात नवरानवरीच्या खुर्च्या. पाणी घालायला ओंजळभर माती उघडी नव्हती. कौशल्याबाई पाटीपाशी वाकल्या. त्यांना वाचता येत होतं, सावकाश. वरचं 'कडुलिंब' कळलं, खालची ओळ अडली.

"अझा... अझाडिराक्टा इंडिका." त्यांनी वर बघितलं. "हे कुणाचं नाव, आबाजी?"

"झाडाचं."

"आन ह्यांचं?"

 आबाजींनी तिच्यासाठी एक खुर्ची ओढली, त्यातल्या त्यात बुंध्याजवळ पडेल अशी. एवढंच त्यांच्या हातात होतं. ती बसली. मंगलाष्टकं झाली, लोकांनी पाकळ्या उधळल्या, आणि नवऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी कौशल्याबाई हातात अक्षतांचा शंकू धरून लग्न बघत राहिल्या. रडू आलं असतं तर पदराने टिपता आलं असतं, लग्नात रडणाऱ्या बायका काही कमी नसतात. पण त्यांना रडू येत नव्हतं. त्या नुसत्या वर, फांद्यांकडे बघत होत्या.

मग सत्कार सुरू झाले. आपल्याकडे एक वेळ भटजीशिवाय लग्न लागेल, सत्काराशिवाय लागायचं नाही. मामांचे झाले, साहेबांचे झाले. शेवटी अर्जुनरावांनी स्वतः माइक घेतला.

"आपण आज ज्या सावलीत बसलोय, ती ज्यांच्यामुळे मिळाली त्या आबाजींना मी विनंती करतो. हार नाही, शाल नाही, एक रोप देऊन आम्ही त्यांचा सत्कार करणार आहोत. आणि आबाजी, या झाडांची काहीतरी गोष्ट असणार. ती आमच्या मुलांना सांगा. दोन शब्द बोलाच."

टाळ्या झाल्या. आबाजी पायऱ्या चढले. घाटावर, स्मशानात, लोकांच्या दुःखाच्या ऐन मध्यात उभं राहून ज्यांना कधी शब्द कमी पडले नाहीत, त्या माणसाच्या हातात आज कुणीतरी आपणहून माइक दिला होता. एवढी माणसं आयुष्यात कधी त्यांचं ऐकायला गप्प बसली नव्हती. गोष्ट तर होती. नावं तोंडपाठ होती. कुठल्या झाडाखाली कोण, हे पाट्या नसल्या तरी त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

त्यांनी समोर बघितलं. प्रीतम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. शालनबाईंनी डोळे मिटले होते. खुर्चीत कौशल्याबाई सरसावून बसल्या होत्या, आता आपल्या माणसाचं नाव निघणार म्हणून.

"गोष्ट कसली," आबाजी म्हणाले. माइकमधून आवाज फाटका आला. "झाडं... आपोआप आली. गाळाची माती हाय. हितं काय पण उगवतं. कुणी लावली न्हाईत."

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. केवढा विनम्र माणूस, असं पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. अर्जुनरावांचे डोळे पाणावले. त्यांनी रोप हातात दिलं आणि फोटोसाठी आबाजींच्या खांद्यावर हात ठेवला. आबाजींना त्या वेळी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

खाली उतरून ते कौशल्याबाईंकडे गेले. जावंच लागणार होतं. मान वर करायची त्यांची हिंमत नव्हती. तिच्या मांडीवर पळसाची पत्रावळ होती, कुणीतरी आग्रह करून जिलबी वाढली होती. जिलबीला तिने हात लावला नव्हता, पण पत्रावळ खालीही ठेवली नव्हती. आबाजींना वाटलं, ही आता चार शब्द सुनावेल. त्यांना ते हवंही होतं. कुणीतरी तोंडावर बोललं असतं तर निदान छातीवरचं ओझं हललं असतं.

तिला सगळं समजलं होतं. कुणी समजावून न सांगता. इतकी वर्षं लोकांच्या कारखान्यात आणि लोकांच्या खोल्यांत काढलेल्या माणसांना, आपण कुठे बोलायचं नाही हे फार लवकर कळतं.

"बरं बोललात," कौशल्याबाई म्हणाल्या. "झाड राहील. झाड राहिलं म्हंजी झालं." मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून त्या अदबीने, पाहुणीने बोलावं तशा बोलल्या. "आबाजी, मी काय म्हणते, पुढल्या साली ह्याच सुमाराला कुणाचं लगीन असंल तर मला बी बोलावताल का? मी कुणाला काय सांगणार न्हाई. चांगलं लुगडं नेसून येईन. हितं कडंला बसून जाईन."

मळई तुमचीच हाय, असं आबाजी एके काळी म्हणाले होते, पण तसं म्हणायला आता त्यांच्यापाशी मळईच उरली नव्हती. हातातलं रोप त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं.

"विचारून सांगतो," ते म्हणाले. "प्रीतमला विचारून सांगतो."